हत्यारी पोलादावरील कार्बनचे संरक्षक कवच : ठाणे-कल्याण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि अंबरनाथ या परिसराचा आधुनिक इतिहास लिहिताना रेल्वे, गिरण्या, कारखाने, कामगार चळवळी आणि अलीकडच्या काळातील निवासी संकुले यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. जमीन कोणाची होती, ती कोणाकडे गेली, कारखाना कधी सुरू झाला आणि कधी बंद पडला, हे प्रश्न अभ्यासकांनी वेळोवेळी मांडले आहेत. मात्र त्या कारखान्यांत माणसाच्या हातात जे हत्यार होते, ते कशाचे बनले होते, ते का टिकत होते आणि कोणत्या क्षणी निकामी होत होते, या प्रश्नांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हा विषय अभियांत्रिकीचा आहे असे समजून तो बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत निबंध ही उणीव अल्प प्रमाणात का होईना, भरून काढण्याचा प्रयत्न आहे.

निबंधाचा विषय मर्यादित आहे. हत्यारी पोलाद, म्हणजे ज्यापासून कानस, छिन्नी, ड्रिल, ठसे आणि साचे तयार होतात ते पोलाद, उच्च तापमानाला टिकावे म्हणून त्यावर कार्बनचा लेप देण्याची कल्पना कोठून आली, ती कशी बदलत गेली आणि आजच्या हिरासदृश कार्बनच्या लेपाला उष्णतेपुढे कोणती मर्यादा पडते, याचा येथे विचार केला आहे. हिरासदृश कार्बन हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तंत्रज्ञान असले, तरी पोलादावर कार्बन चढविण्याची रीत फार जुनी आहे. या दोहोंमधील सातत्य आणि भेद लक्षात घेतल्याशिवाय नव्या लेपाची मर्यादा नीट समजत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. पोलाद आणि कार्बन यांच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. हत्यारावरील कार्बनच्या लेपाच्या भूमिकेत झालेले बदल स्पष्ट करणे.
३. उच्च तापमानाला हिरासदृश कार्बनचा लेप का व कसा निकामी होतो, हे अभियांत्रिकीचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही समजेल अशा रीतीने मांडणे.
४. ठाणे-कल्याण पट्ट्यातील लहान कार्यशाळांच्या दृष्टीने या ज्ञानाचे महत्त्व तपासणे.

पोलादाच्या आतील कार्बन

लोखंड आणि पोलाद यांत फरक पाडणारा घटक म्हणजे कार्बन, ही गोष्ट आज शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु हे ज्ञान अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. स्वीडनचे रसायनतज्ज्ञ बर्गमन यांनी १७८१ मध्ये लोखंडाच्या निरनिराळ्या प्रकारांतील भेद त्यांतील कार्बनयुक्त द्रव्याशी जोडला. १७८६ मध्ये फ्रान्समधील वांदरमाँद, बर्थोले आणि माँज या तिघांनी तो विचार अधिक स्पष्टपणे मांडला. तत्पूर्वी, १७२२ मध्ये, रेओम्यूर यांनी घडीव लोखंडाचे पोलाद करण्याच्या कलेवर सविस्तर ग्रंथ लिहिला होता. त्यांना कृती अचूक माहीत होती, परंतु तिचे कारण सांगता आले नव्हते.

या इतिहासात आपल्या परिसराचा एक धागा गुंफला गेला आहे. मुंबईत वैद्यकीय अधिकारी असलेल्या हेलेनस स्कॉट यांनी भारतीय पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी केलेल्या प्रयोगांचा निबंध १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते आणि तेथे त्यास वूट्झ म्हणतात, असे नमूद केले होते. वास्तविक वूट्झची केंद्रे तेलंगणातील कोनसमुद्रम, म्हैसूरचा प्रदेश, सेलम अशा ठिकाणी होती. मुंबई हे केवळ नमुने बाहेर जाण्याचे बंदर होते. माल जेथून जहाजावर चढतो ते बंदर त्याचे जन्मस्थान समजले जाते आणि प्रत्यक्ष करणारा कारागीर नोंदीतून नाहीसा होतो, हे या शीर्षकावरून दिसून येते.

वूट्झ करण्याची पद्धत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत ठेवून त्यांसोबत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालीत. मुशीचे तोंड मातीने बंद करून ती भट्टीत दीर्घकाळ तापवीत. बंद मुशीत वनस्पतीचा कार्बन लोखंडात शिरे आणि सुमारे दीड टक्क्यापर्यंत कार्बन असलेले अतिशय कठीण पोलाद तयार होई. मुशीचे तोंड बंद करणे हा या कृतीचा प्राण होता. हवा आत गेली असती तर कार्बन लोखंडात न शिरता जळून गेला असता. कार्बन, लोखंड आणि हवा या तिघांतील ही स्पर्धा पुढील संपूर्ण विवेचनाचे सूत्र आहे.

याच सुमारास पॅरिसमध्ये एक विलक्षण प्रयोग झाला. हिरा हा शुद्ध कार्बन आहे, हे इंग्लंडच्या टेनंट यांनी १७९७ मध्ये सिद्ध केले होते. त्यानंतर लवकरच क्लुए यांच्या प्रयोगात लोखंडाच्या बंद पात्रात हिरा ठेवून ते पात्र तीव्र तापविण्यात आले. हिरा नाहीसा झाला आणि लोखंडाचे पोलाद झाले. गिताँ द मोर्वो यांनी १७९९ मध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हा प्रयोग हिऱ्याचे रासायनिक स्वरूप दाखविण्यासाठी केला होता. परंतु तापलेले लोखंड हिऱ्यालाही गिळते, हे सत्य त्यातून प्रकट झाले. पोलाद कापण्यासाठी हिऱ्याचे हत्यार का चालत नाही, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

कानस आणि तिचे कवच

कार्बन पोलादाच्या आत असतो तसा तो त्याच्या बाहेरही चढविला जातो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कानस. कानस हे साध्या कार्बन पोलादाचे हत्यार आहे. तिच्यात सर्वसाधारणपणे एक टक्क्याहून अधिक कार्बन असतो. तिचे दात मऊ अवस्थेत पाडले जातात आणि त्यानंतर ती लालबुंद तापवून पाण्यात बुडविली जाते. आपल्याकडे या क्रियेला पाणी देणे असा समर्पक शब्द आहे. येथे अडचण अशी की, सुमारे साडेसातशे ते आठशे अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील प्राणवायू पोलादाच्या पृष्ठभागावरील कार्बन खेचून घेतो. कानशीच्या दाताचे टोक अतिशय बारीक असते. तेथील कार्बन गेला, तर कानशीचे अंग कठीण आणि दात मऊ अशी उलटी स्थिती होते. म्हणजे कानस दिसायला चांगली असते, परंतु कामाला निरुपयोगी ठरते.

हे टाळण्यासाठी युरोपातील कानसकारांनी कानशीवर मिठाचा आणि जळून कोळसा होणाऱ्या पदार्थांचा लेप देण्याची रीत रूढ केली. पीठ, जाळलेली शिंगे व खूर यांची पूड आणि मीठ यांचे मिश्रण कानशीला लावून ती तापविली जाई. बाराव्या शतकात थिओफिलस या धर्मगुरूने लिहिलेल्या हस्तकलांवरील ग्रंथात बैलाचे शिंग जाळून केलेली पूड आणि मीठ तापलेल्या कानशीवर टाकून तिला पाणी देण्याची कृती आढळते. लहान कानशींना चरबी लावून, कातड्याच्या पट्ट्या गुंडाळून, त्यावर माती लिंपून भट्टीत घालण्याची कृतीही त्यात दिली आहे. मातीचे आवरण आणि आतील सेंद्रिय पदार्थ ही रचना वूट्झच्या मुशीची आठवण करून देते.

या कवचाचे कार्य दुहेरी होते. मऊ लोखंडाच्या कानशीला ते बाहेरून कार्बन देत असे आणि पोलादाच्या कानशीचा कार्बन बाहेर जाऊ देत नसे. दोन्ही प्रसंगी कवच स्वतः जळून जात असे. जळताना त्यातून निघणारे वायू कानशीभोवती राहून प्राणवायूला दूर ठेवीत. म्हणजे कवचाचे जळणे हेच संरक्षण होते. काम संपले की कवच धुऊन काढले जाई. आधुनिक लेपाशी तुलना करताना हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवला पाहिजे.

असेच स्वतः संपून हत्याराला वाचविणारे कार्बनचे आवरण आजही वापरात आहे. तप्त लोखंड ठोकून आकार देणाऱ्या कारखान्यांत सुमारे अकराशे ते साडेबाराशे अंशांपर्यंत तापविलेला पोलादाचा तुकडा ठशात ठेवला जातो. हा तुकडा ठशाला चिकटू नये म्हणून पाण्यात कालविलेले ग्रॅफाइट ठशावर फवारतात. प्रत्येक ठोक्यानंतर त्याचा काही भाग नष्ट होतो आणि पुढच्या ठोक्यापूर्वी पुन्हा फवारा मारला जातो. हे आवरण टिकाऊ नसते, पण ते टिकणार नाही हे गृहीत धरूनच काम चालते.

ठाणे-कल्याण पट्टा : हत्यार वापरणारा आणि घडविणारा प्रदेश

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे बोरघाट आणि थळघाट हे दोन्ही मार्ग खुले झाल्यावर कल्याणला जंक्शनचे महत्त्व आले. लोहमार्ग, इंजिने आणि पूल यांच्या देखभालीसाठी छिन्नी, कानस, रीमर, टॅप ही हत्यारे लागतात. म्हणजे या प्रदेशाचा हत्यारी पोलादाशी आधुनिक संबंध प्रथम वापरणारा म्हणून आला.

विसाव्या शतकात हे चित्र बदलले. १९२५ पासून ठाण्यात लोकरी कापडाची रेमंड गिरणी उभी होती. १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली आणि १९५० च्या सुमारास याच समूहाने अभियांत्रिकी कामाच्या कानशी देशात बनविण्यास आरंभ केला. जे. के. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कानशी पुढे परदेशांतही गेल्या. अंबरनाथ येथे संरक्षण खात्याचा आयुध निर्माणी कारखाना आणि यंत्रहत्यारांचे आदिनमुने तयार करणारा कारखाना उभा राहिला. कळवा-दिघे भागात मुकंद कंपनीने मिश्रपोलादाचे उत्पादन सुरू केले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाण्याची वागळे इस्टेट महामंडळाच्या आरंभीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये गणली जाते. त्याच दशकात डोंबिवलीची वसाहत आकाराला आली.

या वसाहतींचे वैशिष्ट्य असे की, मोठ्या कारखान्यांच्या सावलीत असंख्य लहान कार्यशाळा उभ्या राहिल्या. एक-दोन लेथ, एक मिलिंग यंत्र, एक ग्राइंडर आणि चार-पाच माणसे एवढ्या बळावर प्लास्टिकचे साचे, पत्रा कापण्याचे ठसे, जिग आणि फिक्स्चर येथे तयार होऊ लागले. हत्याराला पाणी देण्याचे काम करणारे वेगळे कारागीर आणि त्यांच्या भट्ट्या हा या व्यवस्थेचा आवश्यक भाग होता. मोठे कारखाने बंद होऊन त्यांच्या जागेवर निवासी संकुले उभी राहिली, त्यावर चर्चा झाली. परंतु भट्टीवाल्या कारागिराचे काम थांबले तेव्हा त्याच्याबरोबर कोणते ज्ञान गेले, याची नोंद बहुधा कोणी केली नाही.

उष्णतेशी हत्याराची झुंज

साध्या कार्बन पोलादाची मोठी उणीव अशी की ते तापले की मऊ होते. पाणी दिल्यावर पोलाद कठीण पण ठिसूळ होते. म्हणून त्याला पुन्हा मर्यादित तापवून थोडा चिवटपणा आणतात. यास टेंपरिंग म्हणतात. कामाच्या वेळी हत्यार या तापमानाच्या वर गेले, तर त्याचे पाणी उतरते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात लेथवर धातू कापण्याचा वेग अतिशय मंद ठेवावा लागे.

१८६८ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट मशेट यांनी टंगस्टनयुक्त पोलाद आणले. १८९८ पासून अमेरिकेत बेथलेहेम पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि माउन्सेल व्हाइट यांनी प्रयोग करून अतिवेगी पोलादाची उष्णता-प्रक्रिया सिद्ध केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या हत्याराचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा त्याचे टोक लाल होऊनही ते कापत राहिले. टेलर यांचे नाव आपल्याकडे व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात येते. परंतु कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप करणाऱ्या या गृहस्थाने आपली अनेक वर्षे हत्याराच्या टोकावरील उष्णतेच्या अभ्यासात घालविली, हे सहसा सांगितले जात नाही. हत्यार टिकल्याखेरीज वेग वाढत नाही आणि वेग वाढल्याखेरीज कामगाराकडून अधिक कामाची मागणी करता येत नाही. या अर्थाने कामगारांचा इतिहास आणि पोलादाचा इतिहास परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत.

यानंतर पोलादाच्या आतील रचनेऐवजी त्याच्या पृष्ठभागावर लक्ष केंद्रित झाले. १९८० च्या दशकात टिटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप असलेली ड्रिल बाजारात रुळली. पुढे त्यात ॲल्युमिनियम मिसळून अधिक उष्णता सोसणारे लेप तयार झाले. या लेपांच्या बरोबरीने कार्बनच्या लेपाचा एक स्वतंत्र प्रवाह विकसित झाला.

हिरासदृश कार्बन

१९५३ मध्ये जर्मनीतील श्मेलनमायर यांनी ॲसिटिलीन वायूत विद्युत विसर्जन करून कठीण कार्बनचा पातळ थर मिळविला. १९७१ मध्ये अमेरिकेतील आयझेनबर्ग आणि शाबो यांनी आयनांच्या झोताने असा थर चढविला आणि त्याचे गुण हिऱ्याशी मिळतेजुळते असल्याने हिरासदृश कार्बन ही संज्ञा रूढ झाली.

हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. ग्रॅफाइटमध्ये तो तिघांशी बांधलेला असतो आणि त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. हिरासदृश कार्बनमध्ये या दोन्ही प्रकारचे बंध अव्यवस्थितपणे मिसळलेले असतात. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात हायड्रोजनही असतो. तो तुलनेने स्वस्त असून दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाला चढविता येतो. दुसऱ्यात हायड्रोजन जवळपास नसतो आणि हिऱ्याच्या प्रकारचे बंध अधिक असतात. तो अधिक कठीण असतो, परंतु त्यात अंतर्गत ताणही फार असतो. लेपाची जाडी सामान्यतः एक ते चार मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा अल्प अंश असते. लेप पोलादाला चिकटावा म्हणून मध्ये क्रोमियम किंवा टिटॅनियमचा पातळ थर देतात.

या लेपाचे दोन गुण एकाच वेळी मिळणे दुर्मीळ असते. तो पाणी दिलेल्या पोलादापेक्षा कठीण असतो आणि घर्षणाला विलक्षण गुळगुळीत असतो. १९९८ मध्ये जिलेट कंपनीने बाजारात आणलेल्या तीन पात्यांच्या दाढीच्या साधनात पात्याच्या धारेवर असा थर वापरला होता. ठाणे परिसराला दाढीच्या पात्यांचे उत्पादन नवे नाही. सुपरमॅक्सची पाती येथे दीर्घकाळ तयार होत होती. पात्यावर अखेरीस टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा थर देण्याची पद्धत आहे. हा पदार्थ ३२७ अंशांना वितळतो आणि तो धारेवर पसरून बसावा म्हणून पाते तितके तापवावे लागते. म्हणजे थंड पाण्याने दाढी करण्याचे पाते असले, तरी त्यावरील लेपांना कारखान्यातच उष्णतेची परीक्षा द्यावी लागते.

उच्च तापमानाला लेपाचे वर्तन

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हिरासदृश कार्बनचा लेप असलेले हत्यार तापले असता काय घडते? या प्रक्रियेचे चार भाग करता येतात.

पहिला भाग रचनेतील बदलाचा. हायड्रोजनयुक्त लेप हवेत सुमारे तीनशे ते साडेतीनशे अंशांपर्यंत टिकतो. त्यापुढे हायड्रोजन बाहेर पडू लागतो आणि हिऱ्याच्या प्रकारचे बंध ग्रॅफाइटच्या प्रकारात बदलतात. लेप जागेवर दिसतो, पण त्याचा कठीणपणा घटत जातो. हायड्रोजनविरहित लेप याहून अधिक तापमान सोसतो. निर्वातात तर तो बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत टिकतो.

दुसरा भाग ज्वलनाचा. कार्यशाळेत निर्वात नसतो. तेथे प्राणवायू असतो आणि कार्बन जळाला की त्याचा वायू होतो. ॲल्युमिनियमयुक्त नायट्राइडचा लेप तापला की त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा घट्ट थर तयार होतो आणि तो खालच्या लेपाचे रक्षण करतो. कार्बनला ही सोय नाही. त्याचा ऑक्साइड उडून जातो आणि नवा पृष्ठभाग हवेला उघडा पडतो. लेपात सिलिकॉन मिसळल्यास उष्णता सोसण्याची क्षमता काही प्रमाणात वाढते, याचे एक कारण सिलिकॉनचा ऑक्साइड घनरूपात मागे राहतो, हे आहे.

तिसरा भाग प्रसरणाचा. तापल्यावर पोलाद लेपापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. लेपात मुळातच ताण असतो. त्यात वारंवार तापणे व निवणे यांची भर पडली की लेपाला तडे जातात आणि तो पापुद्र्यासारखा सुटतो.

चौथा भाग लोखंडाच्या कार्बनविषयीच्या ओढीचा. अधिक तापमानाला कार्बन लोखंडात शिरू लागतो. १७९९ मध्ये हिऱ्याचे जे झाले, तेच येथे सूक्ष्म प्रमाणात घडते. हा धोका दोन्ही बाजूंनी असतो. खाली हत्याराचे पोलाद असते आणि वर, कापावयाची वस्तू पोलादाची असेल तर, तीही कार्बन ओढून घेते. पोलादावर थेट हिऱ्याचा थर वाढविणेही याच कारणाने अवघड ठरले आहे.

या चारही गोष्टी एकत्र घेतल्यास जुन्या आणि नव्या कवचातील मूलभूत भेद स्पष्ट होतो. कानसकाराच्या कवचाचे जळणे हे त्याचे कार्य होते. हिरासदृश कार्बनच्या कवचाचे जळणे हा त्याचा अंत आहे. जुन्या कवचाला पोलादात कार्बन शिरला तर हवाच होता. नव्या कवचाला तो शिरणे म्हणजे स्वतःचा नाश आहे. पदार्थ तोच, लोखंडाची ओढ तीच आणि हवाही तीच. बदलली ती माणसाची अपेक्षा. पूर्वी कवचाने आपले काम करून निघून जावे असे वाटे. आता त्याने तेथेच राहावे असे वाटते.

कारागिराची नजर आणि काळा लेप

पोलादाला टेंपरिंग देताना तापमापक नसलेला कारागीर रंग पाहत असे. घासून चकचकीत केलेले साधे कार्बन पोलाद तापू लागले की सुमारे २२० अंशांना त्यावर फिकट पिवळा रंग येतो. २४० ते २६० च्या दरम्यान तो गडद पिवळा आणि तपकिरी होतो, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा दिसतो. हा रंग म्हणजे पृष्ठभागावर वाढणारा ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा होय. क्रोमियम अधिक असलेल्या पोलादावर हेच रंग काहीशा वरच्या तापमानाला येतात. कोणत्या हत्याराला कोणत्या रंगावर थांबवायचे, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या नजरेतून नजरेत गेले.

या रंगमालिकेत निळा रंग जेथे येतो, साधारणपणे तेथूनच हायड्रोजनयुक्त हिरासदृश कार्बनची सुरक्षित मर्यादा संपू लागते. हा योगायोग आहे, त्यात कार्यकारणभाव नाही. परंतु कार्यशाळेच्या दृष्टीने तो फार उपयोगी योगायोग आहे. हत्याराच्या लेप नसलेल्या मागील भागावर निळी झाक दिसली, तर लेपाची मर्यादा ओलांडली गेल्याची शंका घेण्यास जागा आहे. कारण धारेचे तापमान मागील भागाहून अधिकच असणार. लेप स्वतः काळा असल्याने त्याच्याखालचा रंग दिसत नाही. नव्या लेपाने हत्याराचे आयुष्य वाढविले आणि त्याच वेळी हत्यार वाचण्याची जुनी खूण झाकून टाकली.

लेपाची मर्यादा आणि त्याखालील पोलादाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. अतिवेगी पोलादाचे टेंपरिंग साधारण साडेपाचशे अंशांना होते. ते पाचशे अंशांना आपले पाणी टिकवून धरते, पण त्यावरील हायड्रोजनयुक्त कार्बनचा लेप तत्पूर्वीच जातो. उलट, दोनशे अंशांना टेंपरिंग केलेल्या थंड कामाच्या ठशात लेप शाबूत असताना खालचे पोलाद मऊ पडू शकते. मऊ पायावरील कठीण लेप दाबाखाली अंड्याच्या कवचाप्रमाणे फुटतो. लेप चढवितानाचे तापमानही पोलादाच्या टेंपरिंगपेक्षा खाली ठेवावे लागते. यासाठी लेप देणाऱ्याला पोलादाला पाणी कसे दिले आहे, हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. दोन कामे दोन ठिकाणी होतात आणि मधल्या कागदावर ही माहिती बहुधा लिहिलेली नसते.

वागळे इस्टेट किंवा डोंबिवलीतील कार्यशाळेने यातून काय घ्यावे? प्लास्टिकच्या साच्याचा पृष्ठभाग सामान्यतः शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. तेथे हा लेप उत्तम काम देतो. ॲल्युमिनियम आणि तांबे यांना आकार देताना धातू हत्याराला चिकटतो. तेथेही तो उपयुक्त आहे. परंतु वेगाने पोलाद कापताना हत्याराच्या टोकाचे तापमान पाचशे अंशांच्या वर सहज जाते. वितळलेले ॲल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या वर असते. अशा ठिकाणी नायट्राइडचे लेप किंवा पृष्ठभागाचे नायट्रोजनीकरण हे मार्ग अधिक योग्य ठरतात. खाडीकाठच्या पावसाळी हवेचाही विचार करावा लागतो. कारण हायड्रोजनयुक्त लेपाचे घर्षण कोरड्या हवेत फार कमी असते आणि दमट हवेत वाढते. माहितीपत्रकातील घर्षणाचा आकडा कोणत्या हवेत मोजला आहे, हे विचारले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष असा की, हत्यारी पोलादावरील कार्बनच्या कवचाचा इतिहास सलग आहे. मुशीतील तरवड आणि रुई, कानशीवरील शिंगाची पूड, ठशावरील ग्रॅफाइट आणि निर्वातात चढविलेला हिरासदृश थर या सर्वांत कार्बन, लोखंड आणि प्राणवायू यांचाच व्यवहार चालू आहे.

दुसरा निष्कर्ष असा की, लेपाचे मोल केवळ त्याच्या कठीणपणावरून ठरविणे चुकीचे आहे. ते तापमान, हवा आणि खालच्या पोलादाची प्रकृती यांवरून ठरते. महागडा लेप चुकीच्या ठिकाणी वापरल्यास त्याची किंमत लहान कार्यशाळेलाच मोजावी लागते.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अध्यापकांसाठी आहे. स्थानिक औद्योगिक इतिहासाची साधने म्हणून आपण दप्तरे, ताळेबंद आणि वृत्तपत्रे पाहतो. भट्टीवर काम केलेली माणसे ही तितकीच महत्त्वाची साधने आहेत. आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी असे आजोबा, वडील किंवा काका आजही असतील. कोणता रंग कोणत्या हत्याराला, कोणत्या पोलादाला तेलात बुडवायचे आणि कोणत्याला पाण्यात, ही माहिती त्यांच्याकडून प्रकल्पाच्या निमित्ताने लिहून घेणे शक्य आहे. इतिहास आणि पदार्थविज्ञान या दोन विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावे, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते.

हेलेनस स्कॉट यांनी पाठविलेल्या नमुन्यांचे परीक्षण झाले, त्यांवर निबंध छापला गेला, पण ज्यांच्या हातून ते पोलाद उतरले त्यांचे नाव वा गाव त्या शीर्षकात आले नाही. ठाणे-कल्याणच्या कारागिरांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये. ती टाळण्यासाठी लागणारा काळ अजून हातात आहे, परंतु तो फार नाही.